लसणाचं आंबट

मनकर्णाबाईंच्या हातच्या ‘आंबटा’ची कृती मी प्रथम वहीत उतरवली, तेव्हा तिच्यात एकही माप नव्हते. लसूण ‘दोन मुठी’, मीठ ‘बेतानं’, ईडलिंबाचा रस ‘लसूण बुडंल इतका’, आणि मुरण्याचा काळ ‘ऊन उंबऱ्यावरून चुलीपाशी येईस्तवर’. मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक आहे आणि तेहतीस वर्षे पाणीपुरवठा खात्यात काढली आहेत. ज्या गोष्टीला माप नाही ती दुसऱ्यांदा तशीच होईल याची हमी देता येत नाही, हे तंत्रनिकेतनाच्या पहिल्याच वर्षी शिकवले गेले होते. निवृत्तीनंतरही मी ते सोडलेले नाही.

पाटोद्यापासून सहा किलोमीटरवर, शिरूर कासारच्या रस्त्याला, आमची साडेतीन एकर जमीन आहे. तिच्यात कागदी लिंबाची साठ झाडे आहेत आणि विहिरीलगत ईडलिंबाचे एक जुने झाड आहे. ईडलिंबू म्हणजे मोसंबीहून थोडे मोठे, जाड सालीचे, कमालीचे आंबट फळ. त्याला बाजारात फारसे कोणी विचारत नाही. जवळच्या वस्तीवरच्या मनकर्णाबाई एप्रिलमध्ये लिंबे तोडायला येऊ लागल्या. साखर कारखान्याचा हंगाम संपवून त्या आणि त्यांचे यजमान कारभारी नुकतेच परतले होते. दुपारी त्यांच्या फडक्यात भाकरीबरोबर एक लहान बाटली असे. एके दिवशी माझी पत्नी शिवकन्या हिने त्या बाटलीतले चार थेंब आपल्या भाकरीवर घेतले आणि त्यानंतर जेवण संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ही घटना आमच्या घरात दुर्मीळ आहे.

“कुठं शिकलीस गं हे?” तिने हात धुताना विचारले.

“फडात, काकू. पहाटंची भाकर दुपारपस्तोर दगड व्हती. नरड्याखाली उतरायला कायतरी पायजे का न्हाई? बांधाला ईडलिंब दिसलं की तोडायचं. लसूण तर संगं असतोच.”

कृती अशी होती. लसूण जाड्या मिठाबरोबर पाट्यावर ठेचायचा, पण त्याचा लगदा होऊ द्यायचा नाही. ईडलिंबू आडवे कापून, कापलेली बाजू तळहाताकडे ठेवून पिळायचे, म्हणजे बिया हातात राहतात आणि सालीचा कडूपणा रसात उतरत नाही. रस लसणावर ओतून झाकून ठेवायचा. शेवटी करडईच्या तेलात जिरे आणि दोन सुक्या मिरच्या तडतडवून ते गरम तेल वरून सोडायचे. तेल पडताच जो आवाज होतो तो ‘मांजर फिसकारल्यावानी’ आला पाहिजे, एवढेच एक नेमके प्रमाण त्यांनी मला दिले.

माझ्या बहिणीचा मुलगा युवराज याचे मांजरसुंब्याच्या रस्त्यावर हॉटेल आहे. भाजलेले चिकन आणि धरणातले तळलेले मासे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तो जूनमध्ये शेतावर आला, शिवकन्येने त्याच्यापुढे ती बाटली ठेवली आणि त्याने ती रिकामी केली.

“मामा, हे माशाबरोबर दिलं ना, तर गिऱ्हाईक ताट चाटून जाईल,” तो म्हणाला. “मला रोजचं पायजे. फक्त दोन गोष्टी. आठ दिवस टिकलं पायजे आणि दर बाटलीची चव एकच लागली पायजे. तुमी तपासून हो म्हणलात की मी डोळे झाकून घेतो.”

मनकर्णाबाई समोरच लिंबे निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

त्यांच्यासाठी या बोलण्याचा अर्थ काय होता हे शिवकन्येकडून मला नंतर कळले. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात, आणि त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मनकर्णाबाईंनी असे एकोणीस हंगाम केले होते. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. गेल्या हंगामात त्या फळीवरून मोळीसकट खाली आल्या होत्या आणि तेव्हापासून सकाळी उठताना त्यांना भिंत धरावी लागत होती. “परत फळीवर चढायचं न्हाई, असं मी माझ्याशी बोललेय,” त्या शिवकन्येला म्हणाल्या होत्या. त्यांचे दीर सिदू यांची पत्नी बाळंतीण असल्याने सिदूला यंदा जोडीदार नव्हता. म्हणजे मनकर्णाबाईंना गावात बारमाही काम मिळाले, तर कारभारी आणि सिदू हे दोघे भाऊ मिळून एक कोयता होणार होते. काम मिळाले नाही तर मनकर्णाबाईंना कारभाऱ्यांबरोबर जावे लागणार होते, आणि सिदू दुसरा कोणीतरी शोधणार होता. मुकादम बंकट दसऱ्याला नावे पक्की करतो. तोवर निर्णय व्हायला हवा होता.

जुलैत मी पहिली चाचणी घेतली. ती आमच्या पाटोद्याच्या घरी, माझ्या देखरेखीखाली झाली. मनकर्णाबाईंनी आपल्या आढ्याला टांगलेल्या वेणीतला लसूण आणला. अडीचशे ग्रॅम लसूण, चाळीस ग्रॅम मीठ, चारशे मिलिलीटर रस, साठ मिलिलीटर तेल. मी तराजूवर एकेक पाकळी कमी-जास्त करत असताना त्या पदराआड हसत होत्या.

“साहेब, लसूण सोनाराकडं द्यायचा हाय का?”

“मनकर्णाबाई, आज जे कराल ते पुढच्या सोमवारी जसेच्या तसे करता आले पाहिजे.”

“मी एकोणीस साल जसंच्या तसं करतेय. तुमी आज पयल्यांदा मोजताय, मनून तुमाला नवं वाटतंय.”

आंबटपणा मोजण्याच्या कागदी पट्ट्या माझ्याकडे नोकरीच्या काळापासून आहेत. पट्टी रसात बुडवली की रंग बदलतो आणि त्यावरून आकडा वाचता येतो. आकडा तीनच्या खाली आला. एवढ्या आंबट द्रवात बहुतेक जंतू तग धरत नाहीत. सहा बाटल्या मी खिडकीपासून दूर, फळीवर ठेवल्या आणि रोज सकाळी आठ वाजता पाहिल्या. दहाव्या दिवशीही लसूण पांढरा होता, वास स्वच्छ होता, चव किंचित मुरून अधिक चांगली झाली होती. मी वहीत ‘समाधानकारक’ असा शेरा लिहिला.

दुसरी चाचणी मनकर्णाबाईंच्या घरी घेणे आवश्यक होते, कारण पुढे माल तिथेच तयार होणार होता. दोन चाचण्यांत एकच घटक बदलावा, बाकी सर्व तेच राहावे, हा नियम आहे. त्यांची लसणाची वेणी संपत आली होती आणि निरनिराळ्या दिवशी निरनिराळा लसूण येणे मला नको होते. म्हणून ऑगस्टअखेरीस मी पाटोद्याच्या बाजारातून एकाच ढिगातला पाच किलो लसूण घेतला. झाकण घट्ट बसणाऱ्या बाटल्या बीडहून यायला वेळ लागला. तोवर लसणाला कोंब फुटू नयेत म्हणून मी तो डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवला. तो तिथे सव्वीस दिवस राहिला.

“अहो, दुधाला वास लागलाय,” शिवकन्या रोज म्हणे. “चहा प्यायचा का फोडणी द्यायची?”

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी दोन किलो लसूण, आमच्याच झाडाची ईडलिंबे, बाटल्या आणि लेखी सूचना मनकर्णाबाईंकडे पोचवल्या. सूचना त्यांच्या यजमानांनी मोठ्याने वाचून दाखवल्या. त्यांतली तिसरी सूचना अशी होती की, रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यातच काढावा. पितळ, तांबे आणि जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, भांडे वापरू नये.

“समजलं का गं?” कारभारी म्हणाले. “साहेबांनी भांड्याचा बी कायदा केलाय.”

“मला वाचता येत न्हाई, पण ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी बाटल्या आणायला गेलो. घर दोन खोल्यांचे, सारवलेले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्याखाली एका रांगेत माझ्या बारा बाटल्या. सर्व बाटल्यांतला रस एकाच पातळीला होता. मला ते आवडले. निघताना माझी नजर चुलीशेजारी गेली. तिथे एक पितळी तपेले होते. त्याला आतून कल्हईचा मागमूस नव्हता, आणि त्यात पिळलेल्या ईडलिंबांच्या साली पडलेल्या होत्या.

मी त्या वेळी काहीच विचारले नाही. घरी येऊन वहीत मात्र नोंद केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता एका बाटलीत लसणाच्या कडेला हिरवट छटा दिसली. चौथ्या दिवशी बाराही बाटल्यांतला लसूण हिरवा-निळा झाला होता. फळबागेवर फवारायला मोरचूद भिजवल्यावर बादलीत जो रंग येतो, तसाच. मोरचूद हा तांब्याचा क्षार आहे. माझ्या नोकरीत पंपघरातील पितळी झडपांवर मी असा हिरवा थर शेकडो वेळा पाहिला होता. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत ठेवला की कळकतो, हे तर शिवकन्येलाही माहीत आहे. दोन चाचण्यांतला एकमेव फरक म्हणजे जागा. त्या जागेत कल्हई नसलेले पितळी भांडे होते आणि त्यात साली होत्या. मला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही.

मी युवराजला दूरध्वनी केला. “हा माल घेऊ नकोस,” मी सांगितले. “रस कल्हई नसलेल्या भांड्यात काढलेला आहे. कळकला आहे. खाण्यास योग्य नाही.”

युवराज गल्ल्यावर असावा, मागे भांड्यांचा आवाज होता. त्याने माझे वाक्य तिथल्या कोणाला तरी मोठ्याने ऐकवले. मग त्याच्या आचाऱ्याचा, बिभीषणचा, आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “मी आधीच म्हणलं व्हतं, मालक. त्या वस्तीवरची भांडी आपल्याकडं कशाला?”

मी कल्हईविषयी बोललो होतो. बिभीषण कल्हईविषयी बोलत नव्हता, हे मला त्याच क्षणी समजले. ते दुरुस्त करणे हा माझ्या कामाचा भाग नाही, असे मी ठरवले आणि फोन ठेवला.

दुपारी मनकर्णाबाई आल्या. ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली हे मी विचारले नाही. त्या पायरीच्या वर आल्या नाहीत. मी एक बाटली आणून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती उन्हात फिरवून पाहिली.

“असं कदीच झालं न्हाई,” त्या म्हणाल्या.

“पितळी भांड्यात आंबट काढले की असेच होते.”

“कंच्या पितळी भांड्यात?”

“चुलीजवळचे तपेले. त्यात साली होत्या. मी पाहिल्या.”

“साली व्हत्या,” त्या म्हणाल्या. त्या आणखी काही सांगणार होत्या असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. पण माझ्या हातात उघडी वही होती आणि तिच्यावर त्यांची नजर गेली. “तुमी मला पिळताना बघितलं का, साहेब?”

“नाही. पण अनुमान—”

“मग लिव्हलंय त्ये ऱ्हाऊ द्या.” त्यांनी बाटली पायरीवर ठेवली. “काकूला सांगा, मी येऊन गेले.”

शिवकन्या आतून सर्व ऐकत होती. ती बाहेर आली तोवर मनकर्णाबाई कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या. रात्री जेवताना तिने मला एकच प्रश्न विचारला. “बाई खोटं बोलली असं तुम्हाला वाटतं?”

“ती खोटे बोलली असे मी म्हटलेले नाही. तिच्या लक्षात आले नसेल.”

“एकोणीस वर्षं लक्षात राहिलं आणि परवाच विसरली,” असे म्हणून तिने आमटी माझ्या ताटात जरा जोरात वाढली.

दसऱ्याला बंकटने नावे पक्की केली. कारभारी आणि मनकर्णा, एक कोयता. गाडी दसऱ्यानंतर आठव्या दिवशी सकाळी निघणार होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून शिवकन्येने माझ्याशी फ्रीजविषयी बोलणे बंद केले. ते मला सोयीचे वाटले. तीन दिवसांनी दुपारच्या जेवणाला तिने भाकरी वाढली आणि शेजारी तिची लोणच्याची चिनी मातीची बरणी ठेवून झाकण काढले.

आत ईडलिंबाच्या रसात ठेचलेला लसूण होता. तो मोरचुदासारखा हिरवा होता.

“काल रात्री बघितला, आज पुरता रंगला,” ती म्हणाली. “तुमच्याच डब्यातला लसूण, फ्रीजमधला. खलबत्ता दगडाचा, चमचा लाकडाचा, बरणी तुमच्या आईची. आता सांगा, माझ्या बरणीला कल्हई लावायची राहिली का?”

मी बरणी खिडकीपाशी नेली. पट्टी बुडवून आकडा वाचला. तीनच्या खाली, जसा असायला हवा तसा. मग मी वही उघडून दोन्ही चाचण्यांची पाने शेजारी-शेजारी ठेवली. दुसऱ्या चाचणीच्या पानावर ‘बदललेले घटक’ या शीर्षकाखाली मी माझ्याच अक्षरात लिहिले होते: जागा. लसूण बदलला होता. तो मी बदलला होता. सव्वीस दिवस त्याला थंडीत मी ठेवले होते, आणि एकसारखेपणासाठी ठेवले म्हणून तो बदल माझ्या लेखी बदल ठरलाच नव्हता.

“आता उठा आणि जाऊन सांगा,” शिवकन्या म्हणाली.

“एका बरणीवरून निष्कर्ष काढता येत नाही.”

“बाईवरचा काढला तो किती बरण्यांवरून होता?”

तरीही मी त्या दिवशी गेलो नाही. चूक कबूल करायची तर ती सिद्ध झालेली असावी, असे मला वाटले. एकदा अपुऱ्या आधारावर बोललो होतो, दुसऱ्यांदा बोलायचे नव्हते. काचेच्या चार पेल्यांत मी चार नमुने लावले. दोन पेल्यांत फ्रीजमधला लसूण, दोन पेल्यांत शेजारच्या संगीताबाईंच्या माळ्यावरचा लसूण, सर्वांवर एकाच ईडलिंबाचा रस. अन्नतंत्रज्ञान शिकवणाऱ्या एका परिचितालाही मी फोन केला. थंडीत ठेवलेल्या लसणात काही द्रव्ये साठतात, आम्ल मिळाले की त्यांचा हिरवा-निळा रंग होतो, तांब्याचा त्यात संबंध असायलाच हवा असे नाही आणि तो रंग अपायकारक नसतो, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या दृष्टीने ही अगदी साधी गोष्ट होती.

नमुन्यांना तीन दिवस लागले. शिवकन्येने त्या तीन दिवसांत मला चहा वेळेवर दिला आणि दुसरे काही दिले नाही. तिसऱ्या सायंकाळी दोन पेले हिरवे झाले होते आणि दोन पांढरे होते. दुसऱ्या सकाळी गाडी निघणार होती.

सात वाजता मी वस्तीवर पोचलो तेव्हा ट्रक मारुतीच्या पारापुढे उभा होता. त्यात पाण्याच्या टाक्या, चटया, बांबू, पत्रे, दोन शेळ्या आणि पाट्या-वरवंट्यांसकट अकरा घरांचे संसार चढले होते. बंकट मुकादम कानाला मोबाइल लावून माणसे मोजत होता. मनकर्णाबाई मागच्या फळीशी उभ्या राहून वर सिदूकडे गाठोडी देत होत्या. एक हात त्यांनी कमरेवर ठेवला होता.

“मनकर्णाबाई,” मी म्हणालो, “मला थोडे बोलायचे आहे. बाजूला येता का?”

“हितंच बोला. मला सामान सोडून येता येत न्हाई.”

तेव्हा मी तिथेच, क्रमाने सांगितले. दुसऱ्या चाचणीत लसूण वेगळा होता. तो थंडीत मी ठेवला होता. रंग त्यामुळे आला. पितळेचा संबंध नव्हता. माझे अनुमान चुकीचे होते. चारही पेले मी खोक्यात घालून बरोबर आणले होते, ते काढून दाखवले. माणसे जमली. शेळ्यांपैकी एकीने पेल्याकडे मान लांबवली, तेव्हा कोणीतरी हसले.

मनकर्णाबाईंनी पेल्यांकडे पाहिलेही नाही.

“ह्ये मला कावून सांगता, साहेब?” त्या म्हणाल्या. “मला तर पयल्या दिसापासून ठावं हाय. मी पितळंत पिळलं न्हाई ह्ये मला दुसऱ्यानं सांगायचं व्हय? तुमी ज्याला सांगितलं, त्याला सांगा.”

“युवराजला मी आज दुपारी—”

“गाडी आत्ता निघतीय.”

मी मोबाइल काढला. युवराजने तिसऱ्या घंटेला उचलले.

“आवाज मोठा करा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “आनि त्यो आचारी हाय का तिथं?”

मी विचारले. बिभीषण तिथेच कांदा चिरत होता. मी युवराजला फोन त्याच्याजवळ न्यायला सांगितले आणि मग सर्व पुन्हा, त्याच क्रमाने सांगितले. शेवटी एक वाक्य अधिक घातले. “बिभीषण, मी भांड्याविषयी जे म्हणालो ते चूक होते, आणि तू त्यावर जे म्हणालास ते त्याहून चूक होते. मी ते ऐकले होते आणि गप्प बसलो होतो.”

पलीकडे सुरीचा आवाज थांबला.

“मामा,” युवराज म्हणाला, “म्हणजे ते नुसतं हिरवं झालतं? चव नव्हती बिघडली?”

“चव बिघडली नव्हती. अपायकारकही नाही.”

“अहो, मग तेव्हाच सांगायचं ना! हिरव्या चटणीला कोण नावं ठेवतंय? मी तर उलट मिरची हिरवी हाय म्हणून खपवली असती.” तो हसला. मग गंभीर झाला. “मावशी हायत का तिथं? मावशी, सोमवारपासून पाठवा. पांढरं पाठवा नाहीतर हिरवं पाठवा. माझ्याकडनं बी चूक झाली. बघायला मीच यायला पायजे होतो.”

मनकर्णाबाईंनी फोनकडे पाहून मान हलवली. ती युवराजला दिसणार नव्हती, म्हणून ‘त्या हो म्हणत आहेत’ असे मी सांगणार होतो, पण त्या हो म्हणत आहेत की नाही याची मला खात्री नव्हती.

बंकट पुढे आला. “ओ इंजिनेर साहेब, आता कसली चटणी? कोयता लिव्हलाय माझा. गाडी भरली. आता बाई उतरली तर अर्धा कोयता घेऊन मी काय करू?”

“अर्धा कशापायी?” वरून कारभारी म्हणाले. “मी आनि सिदू. आधी तेच ठरलं व्हतं का न्हाई? दोन गडी मिळत्यात, तरी तुझं तोंड वाकडं. सिदूच्या जोडीदाराला कालपासून ढाळ लागल्यात, तुलाच म्हायती हाय.”

“आन् मोळी कोन बांधंल?”

“सिदू बांधंल. लई नाजूक बांधतो त्यो. बायकोच्या आंबाड्यावानी.”

माणसे हसली, सिदूने भावाच्या पाठीत चटई हाणली, आणि बंकटला फोन आला. फोनवर बोलता बोलताच त्याने हाताने ‘उतरा मग’ अशी खूण केली. ती कोणाला केली हे कोणी विचारले नाही. मनकर्णाबाईंनी ती आपल्याला केली असे धरले.

सामान उतरवायला वीसेक मिनिटे लागली, कारण त्यांचे सामान सगळ्यांत आधी चढले होते आणि तळाशी होते. पाटा, पिठाचा डबा, गोधड्या. मनकर्णाबाई खालून हात वर करून एकेक घेत होत्या. मी खोके बाजूला ठेवून मदतीला पुढे झालो. सिदूने शेवटी वरून एक वस्तू दिली. ती त्यांनी घेतली आणि दुसऱ्या हातात गोधडी असल्यामुळे माझ्याकडे दिली.

“धरा जरा.”

ते पितळी तपेले होते. मी ते दोन्ही हातांनी धरले. आतून ते लखलखीत होते. कल्हई कुठेच नव्हती.

“आंघोळीचं पानी तापवते मी त्यात,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “पिळलेल्या साली टाकून देऊ वाटत न्हाई. राख लावून त्यांनीच घासते. त्या दिवशी बी घासायलाच ठेवल्या व्हत्या.”

“हे तुम्ही तेव्हा सांगायला हवे होते.”

“तुमी इचारायला पायजे व्हतं.”

ट्रक सुरू झाला. कारभाऱ्यांनी वरून हात केला. मनकर्णाबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत तसाच धरून ठेवला. पाराजवळ मी, तपेले आणि खाली मांडलेला एका घराचा संसार एवढेच उरले. मग त्यांनी पिठाचा डबा डोक्यावर घेतला. चालायला लागताना त्यांनी पाराचा आधार घेतला आणि सरळ झाल्या. मी तपेले घेऊन मागून निघालो.

घराच्या दाराशी त्या थांबल्या.

“सोमवारी मी माझ्या मापानं करीन, साहेब.”

“करा. मी फक्त पट्टी बुडवून पाहीन.”

“बुडवा. त्यानं माझं काय जातंय?” त्यांनी तपेले माझ्या हातातून घेतले. “आनि त्यो फ्रीजातला लसूण तेवढा काकूला टाकून द्यायला सांगा.”

“तो अपायकारक नाही,” मी म्हणालो.

“मग तुमीच खावा.”

अजून अडीच किलो शिल्लक होता. आम्हांला तो संपवायला मार्गशीर्ष उजाडला.